गावाची स्मरणवही

प्राग हे नाव आपल्या कॅथलिक कुटुंबांना परके नाही. कित्येक घरांच्या वेदीवर राजवस्त्रे ल्यालेला, एका हाती पृथ्वीगोल धारण केलेला आणि दुसऱ्या हाताने आशीर्वाद देणारा बाळ येशू विराजमान असतो. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला जाणाऱ्यांत आमच्या धर्मग्रामातील मंडळी दरवर्षी असतात. ती मूळ मूर्ती १६२८ साली पोलिझेना लोबकोवित्स या सरदार घराण्यातील स्त्रीने प्रागच्या कार्मेल संन्याशांना दिली. आजही ती तेथेच, विजयी मातेच्या चर्चमध्ये आहे. बहुतेकांची त्या देशाशी असलेली ओळख येथेच थांबते. फार तर ब्रनो येथील मठाचे अधिपती ग्रेगर मेंडेल आणि त्यांच्या वाटाण्याच्या वेली शाळेच्या पुस्तकामुळे स्मरणात राहिलेल्या असतात. आणि उलट दिशेनेही एक वाट होती, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते. अठराव्या शतकात कारेल प्रिकरिल नावाचे चेक येशूसंघी धर्मगुरू गोव्यात आले आणि तेथील लोकभाषेचे व्याकरण लिहून गेले.

या देशाविषयी आज लिहिण्याचे कारण मात्र भक्तीचे नाही, विद्येचे आहे. आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे मुळशी तालुक्यातील माण येथे राहतात. हिंजवडीच्या आयटी पार्कचा मोठा भाग याच गावच्या जमिनीवर उभा आहे. नोकरीच्या निमित्ताने कोणी वसईहून, कोणी मंगळूरहून, कोणी केरळातून येथे आले. त्यांपैकी एक कुटुंब मूळचे राहाता तालुक्यातील. त्यांचा मुलगा सध्या ब्रनोच्या मासारिक विद्यापीठात पर्यावरणाच्या इतिहासावर संशोधन करीत आहे. त्याची आई एका घरभेटीच्या वेळी आम्हाला म्हणाली, "फादर, याच्या बरोबरीची मुलं समोरच्या कंपन्यांत लागली. आणि हा जुन्या वह्या वाचायला एवढ्या लांब गेला. वह्या वाचून काय मिळतं माणसाला?"

प्रश्न रास्त होता. त्या माउलीने पोटाला चिमटा काढून मुलाला शिकविले आहे. तिला दोन गोड शब्द सांगून आम्ही उठू शकलो असतो. परंतु प्रश्न आमच्याही मनात राहिला. नाताळच्या सुटीत मुलगा घरी आला, तेव्हा आम्ही त्याला बोलावून घेतले आणि दोन संध्याकाळी त्याचे ऐकत बसलो. पुढे जे लिहीत आहोत, त्यातील काही त्याच्याकडून ऐकलेले, काही नंतर आम्ही स्वतः वाचलेले आहे.

तो सांगू लागला, "फादर, तिकडे प्रत्येक गावाला स्वतःची वही आहे." ही गोष्ट शब्दशः खरी आहे. पहिल्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकिया हे प्रजासत्ताक जन्मास आले आणि जानेवारी १९२० मध्ये तेथे कायदा झाला, की प्रत्येक ग्रामसंस्थेने आपली स्मरणवही ठेवावी. त्यासाठी गावोगाव वहीकार नेमले गेले. बहुधा शाळामास्तर हे काम करीत. पीक कसे आले, पूर कोठवर चढला, पूल केव्हा झाला, साथीत किती माणसे दगावली, कोणते कुटुंब गाव सोडून गेले, हे सारे त्यांनी वर्षावर्षाला लिहून ठेवले. त्याच्या कितीतरी आधीपासून धर्मग्रामांच्या वह्या होत्याच. स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी धर्मगुरू करीत आणि कित्येकजण गावातील घडामोडीही टिपून ठेवीत.

याला जमिनीच्या नकाशांची जोड मिळाली. १८१७ साली ऑस्ट्रियाच्या सम्राटाने जमीन मोजणीचे फर्मान काढले आणि १८२६ ते १८४३ या काळात बोहेमियातील गाव न गाव मोजले गेले. शेत, कुरण, बाग, जंगल, तळे, प्रत्येकाचा रंग वेगळा. हेतू महसुलाचा होता. आपल्याकडेही १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी रयतवारी मोजणी सुरू केली, ती महसुलासाठीच. दोन्हीकडे सरकारला सारा हवा होता. परंतु दीडशे वर्षांनी प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातील इव्हान बिचिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच जुने आकडे घेतले आणि १८४५, १८९६, १९४८ व १९९० या वर्षांची तुलना करून देशातील कोणत्या भागात नांगरट घटली, कोठे रान वाढले, हे गावागावाच्या पातळीवर दाखविले. साऱ्यासाठी लिहिलेला कागद भूमीचे चरित्र सांगू लागला.

हवामानाचेही तसेच. प्रागच्या क्लेमेंटिनम या येशूसंघाने उभारलेल्या विद्यापीठात योसेफ स्टेपलिंग या धर्मगुरूंनी वेधशाळा स्थापिली. तेथे १७७५ पासून आजतागायत तापमानाची नोंद अखंड चालू आहे. मेंडेल यांनीही वर्षानुवर्षे ब्रनोचे हवामान टिपले आणि १८७० साली शहरावर आलेल्या चक्रीवादळाचे बारकाईने वर्णन केले. पण तापमापक येण्यापूर्वीची शतके कशी वाचायची? मासारिक विद्यापीठातील रुडॉल्फ ब्राझ्दिल यांनी त्यासाठी गावच्या वह्या, मठांच्या दैनंदिन्या, गारपिटीनंतर सारामाफीसाठी केलेले अर्ज असे कागद धुंडाळले आणि त्यांतून दुष्काळ व पूर यांचा शतकांचा इतिहास उभा केला. लाबे नदीकाठी डेचिन या गावी पात्रात एक शिळा आहे. पाणी फार आटले, तरच ती दिसते. तिच्यावर लोकांनी दुष्काळाची वर्षे कोरली आहेत. वाचता येणारे सर्वांत जुने वर्ष १६१६ आहे. मला पाहाल तेव्हा रडा, अशा अर्थाची एक ओळही तिच्यावर आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात ती शिळा पुन्हा उघडी पडली. ज्यांनी ती कोरली, त्यांना आपण शास्त्राची सेवा करीत आहोत, असे स्वप्नातही वाटले नसेल. आपल्यानंतर येणाऱ्यांना कळावे, एवढीच त्यांची इच्छा.

तथापि संशोधन म्हणजे केवळ पिके आणि पाऊस नव्हे. त्याला कधी दुखऱ्या जागी हात घालावा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर चेक भूमीतून सुमारे तीस लक्ष जर्मन भाषक लोकांना हाकलून देण्यात आले. हिटलरच्या राजवटीने चेक जनतेवर केलेल्या अत्याचारांची ती प्रतिक्रिया होती, हे खरे. पण त्यात निरपराध म्हातारेकोतारे आणि लेकुरवाळ्या स्त्रियाही निघाल्या. सीमाभागातील कित्येक गावे ओस पडून नाहीशी झाली. त्या विषयावर पुढील चाळीस वर्षे तेथे मोकळेपणाने बोलणे अशक्य होते. १९९८ मध्ये प्रागच्या काही विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन 'अँटिकॉम्प्लेक्स' नावाची संस्था काढली. त्यांनी जुनी छायाचित्रे मिळविली, जेथून ती काढली होती नेमक्या त्याच जागी जाऊन नवी काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून २००२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. एका चित्रात चर्च, शाळा, अंगणातली मुले. दुसऱ्यात नुसते रान. त्या रानात मधेच सफरचंदाचे झाड दिसले, तर समजावे की येथे कोणाचे तरी परसू होते. आपल्याच आजोबांच्या पिढीने जे केले, ते नातवंडांनी सूडबुद्धीवाचून आणि सारवासारव न करता जगापुढे ठेवले. आमच्या मते हीसुद्धा एक प्रकारची विवेकतपासणी आहे.

त्याच देशातील मोस्त या शहराची कथा आपल्या वाचकांना विशेष भावेल. शहराखाली कोळसा होता. तो काढण्यासाठी समाजवादी राजवटीने अख्खे जुने शहर पाडावयास घेतले. स्वर्गोन्नत मातेचे सोळाव्या शतकातील चर्च मात्र वाचवावयाचे ठरले. १९७५ च्या शरद ऋतूत ते चर्च खालून कापून, रुळांवर ठेवून, जवळजवळ महिनाभर कणाकणाने सरकवीत ८४१ मीटर दूर नेण्यात आले. अभियांत्रिकीचा तो चमत्कारच. परंतु त्या चर्चमध्ये ज्यांचे स्नानसंस्कार झाले, त्यांची घरे, गल्ल्या, बाजार काहीच उरले नाही. चर्च वाचले, धर्मग्राम गेले. हे वाचल्यावर आम्ही बराच वेळ तसेच बसून होतो.

हे सारे युरोपात घडते, तेथे पैसा आहे, विद्यापीठे आहेत, आपल्याकडे हे कोण करणार, असे कोणी म्हणेल. परंतु याच पुण्याच्या परिसरात असे काम शंभर वर्षांपूर्वी झाले आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास केला आणि १९१७ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. माती, विहिरी, झाडे, पिके, कर्ज, घरखर्च, काहीही त्यांनी सोडले नाही. १७७१ साली त्या गावात सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते. १९१४-१५ पर्यंत ते ७ एकरांवर आले, हा त्यांचा निष्कर्ष पुढे देशभर अभ्यासला गेला. आज पिंपळे सौदागर हा पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचा उंच इमारतींनी गजबजलेला भाग आहे. आपल्यापैकी अनेकजण तेथे राहतात. आपल्या खिडकीखालच्या मातीचे असे सविस्तर वर्णन छापलेले आहे, याची त्यांना कल्पनाही नसेल.

आणि मुळशी तर जगाच्या इतिहासात नोंदलेली. माणच्या पश्चिमेस, याच तालुक्यात, नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाशी टाटांचे धरण व्हावयाचे होते. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती. पन्नासाच्या आसपास गावे आणि दहा हजारांच्या घरातील माणसे त्या पाण्याखाली येणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. १९२४ च्या अखेरीस लढा मोडला, धरण पूर्ण झाले आणि १९२७ पासून घाटाखाली भिरा येथे वीज तयार होऊ लागली.

या लढ्याची हकीकत त्यातील एक नेते विनायकराव भुस्कुटे यांनी लिहून ठेवली. पुढे पुणे विद्यापीठात राज्यशास्त्राचे अध्यापन करणारे राजेंद्र व्होरा यांनी सरकारी दप्तरे, जुनी वर्तमानपत्रे आणि अशा आठवणी तपासून १९९४ मध्ये मराठीत ग्रंथ प्रसिद्ध केला. २००९ मध्ये त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला, त्यात हे जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन होय, अशी मांडणी आहे. व्होरा यांनी केवळ गौरवगाथा लिहिली नाही. जमिनी अनेक ठिकाणी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कसणारे मावळे कूळ म्हणून राबत होते. कागदावर ज्याचे नाव, त्याला मोबदला. त्यामुळे मोबदल्याचा प्रश्न येताच मालकाचे हित एकीकडे आणि कुळाचे दुसरीकडे झाले, आणि लढा आतूनही दुबळा झाला. कंपनी, सरकार आणि आपलीच माणसे, तिघांचाही हिशेब त्यांनी मांडला. अँटिकॉम्प्लेक्सच्या विद्यार्थ्यांनी जे केले, ते आपल्या मुळशीत एका मराठी प्राध्यापकाने त्यांच्या आधी केले होते, हे आम्हाला अभिमानाने सांगावेसे वाटते.

आता आजच्या माणकडे वळू. येथे पाणी भरले नाही, काच आणि सिमेंट भरले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून औद्योगिक विकास महामंडळाने या परिसरात जमिनी संपादित केल्या. भाताची खाचरे गेली, कंपन्या आल्या, मग इमारती, मग आपण. माण ते शिवाजीनगर या मेट्रोची पायाभरणी २०१८ मध्ये झाली. त्याच वर्षी 'मुळशी पॅटर्न' हा मराठी चित्रपट आला. जमिनीचा पैसा हाती आलेल्या आणि हातचा गेलेल्या घरांतील तरुणांचे काय झाले, हे त्यात दाखविले आहे. कोणाचे भले झाले, कोणाचे वाटोळे झाले. दोन्ही खरे. परंतु एक शिवार एका पिढीत पुसले गेले, हेही तितकेच खरे.

ब्रनोहून आलेल्या त्या मुलाला घेऊन आम्ही गावठाणातील एका वृद्ध शेतकऱ्याकडे गेलो. वय पंच्याऐंशीच्या पुढे. आम्ही विचारले, "आबा, या कंपन्यांच्या जागी पूर्वी काय होते?" ते म्हणाले, "काय नव्हतं म्हणा, फादर! ह्या उंच बिल्डिंगीच्या खाली आमची खाचरं व्हती. आंबेमोहर पिकायचा. भात शिजला की वासावरनं कळायचं कुणाच्या घरी काय हाय." मग ते बोटांवर शेतांची नावे मोजू लागले. लवणातलं, चिंचेचं, खालची पट्टी, म्हातारीचा वावर. पाच-सहा नावांनंतर थांबले. "पुढची आमच्या थोरल्या भावाला ठावं व्हती," एवढे म्हणाले. तो भाऊ कधीच निवर्तला होता. सातबाऱ्यावर गटाचा क्रमांक असतो, क्षेत्र असते. म्हातारीचा वावर कोठे होता आणि ती म्हातारी कोण, हे त्यात नसते.

बाहेर पडल्यावर मुलगा म्हणाला, "फादर, मी तिकडे जी वही वाचतो, ती कोणीतरी अशी विचारून लिहिली म्हणून आहे." त्याच्या आईच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तेथे मिळाले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही ते तिला सांगितले. तिलाच आम्ही विचारले, "तुमच्या पणजोबांचे नाव सांगता येईल का?" येईना. त्यांच्या घराण्यात त्या काळी कोणाच्या नावे जमीन नव्हती. लोकांच्या शेतात राबणारी ती माणसे. महसुलाच्या दप्तरात त्यांना जागा कोठून असणार? परंतु त्यांच्या मूळ धर्मग्रामात स्नानसंस्काराची जुनी नोंदवही आहे. तेथील धर्मगुरूंना आम्ही पत्र लिहिले. काही आठवड्यांनी उत्तर आले. पणजोबांचे नाव, त्यांच्या आईवडिलांची नावे, गाव, तारीख, धर्ममातापित्यांची नावे, सारे एका ओळीत होते. त्या माउलीने तो कागद वाचला, पुन्हा वाचला आणि बाळ येशूच्या मूर्तीखाली ठेवला. मुलगा कोणत्या वह्या वाचतो, हे तिने पुन्हा विचारले नाही.

वाचकहो, आपल्यापैकी बहुसंख्य कुटुंबांची हीच अवस्था आहे. आपण एक गाव सोडून आलो, त्याची वही आपल्यापाशी नाही. आपण दुसऱ्या गावच्या शेतांवर घर केले, त्याचीही नाही. दोन्हीकडचे वृद्ध आता फार दिवस आपल्यात राहणार नाहीत. विद्यापीठातील संशोधक पन्नास वर्षांनी येतील. त्यांना आज आपण लिहिले असेल, तेवढेच मिळेल. कोणी म्हणेल, आम्ही काय लिहिणार? आपल्याच सह्याद्रीत माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचे गुरू त्या त्या गावचे गुराखी, पुजारी आणि म्हाताऱ्या बायाच होत्या. ज्ञान त्यांच्यापाशी होते. लिहून घेणारा मात्र हवा होता.

म्हणून आम्ही धर्मग्रामात एक स्मरणवही ठेवण्याचे योजिले आहे. नियम तीनच. सांगणाऱ्याचे नाव त्याच्या परवानगीनेच लिहावे आणि तारीख न चुकता घालावी. स्वतः पाहिलेले कोणते आणि ऐकलेले कोणते, हे वेगळे नमूद करावे. आणि भांडणे, अन्याय, आपल्या माणसांचे दोषही गाळू नयेत. गोड तेवढेच लिहिलेल्या वहीवर पुढे कोणी विश्वास ठेवणार नाही. प्रत्येक कुटुंबाने आपल्या मूळ गावाची दोन पाने द्यावीत आणि आपण जेथे राहतो, तेथील मूळ रहिवाशांपैकी एकाकडे जाऊन दोन पाने लिहून आणावीत. दुसरे काम पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. शेजाऱ्यावर प्रीती करा, या आज्ञेत त्याची गोष्ट ऐकून घेणे येत नाही काय? धर्मशिक्षणाच्या वर्गातील मोठ्या मुलांनी हे काम आवडीने पत्करले आहे. त्यांच्या भ्रमणध्वनीवर आवाजही ध्वनिमुद्रित होतो. ती सोय तर जुन्या वहीकारांना नव्हती.

वहीच्या पहिल्या पानावर माणच्या त्या आबांनी सांगितलेली शेतांची नावे लिहिली आहेत. लवणातलं, चिंचेचं, खालची पट्टी, म्हातारीचा वावर. पुढे काही ओळी मुद्दाम कोऱ्या सोडल्या आहेत. उरलेली नावे ज्यांना ठाऊक असतील, त्यांनी ती येऊन भरावीत.